देवमनचं खत

अमरावतीहून बडनेऱ्याकडे निघालं की नवी लेआउटं, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वसाहती, लागतात. त्यातल्या एका लेआउटमध्ये देवमन लोकांच्या बागा सांभाळतो. सांभाळायचा, असं म्हणायला हवं, पण तसं म्हणताना जीभ अडखळते.

माणूस दर्यापूरकडचा, काळ्या मातीतला. शहरात आला आणि इथल्या माळ्यांची रीत पाहून त्याचं डोकंच फिरलं. कुंपणाची मेंदी कापायची, पाला रस्त्याच्या कडेला लोटायचा आणि काडी लावायची, नाहीतर सरळ नाल्यात ढकलून मोकळं व्हायचं. धुराने कुणाचा दमा उसळो की पावसात नाला तुंबो, माळ्याला त्याचं सोयरसुतक नाही. देवमनने लेआउटच्या कमिटीच्या मागे लागून लागून मोकळ्या जागेचा एक कोपरा पदरात पाडून घेतला, तिथे खड्डे खणले आणि सांगून टाकलं की आपण काम करू त्या घरचं पानसुद्धा जळणार नाही. त्याची बायको आशाबाई खड्ड्याच्या काठावर बसून पाल्यातून दुधाच्या पिशव्या, राख्यांचे दोरे, गुटख्याच्या पुड्या वेचायची. एकदा तर कुणाची कवळी निघाली, आणि ती कुणाची हे लेआउटमध्ये कुणीच कबूल करेना. पुढे महालक्ष्म्यांचं निर्माल्यही लोक नदीत न टाकता तिच्या हातात देऊ लागले. माळ्याला याहून मोठा मान कुणी दिल्याचं मी ऐकलेलं नाही.

मान मिळाला की माणूस फुगतोच. "आपला खड्डा सगळं पचवते," हे देवमनचं पालुपद झालं.

आषाढात जवळच्या एका मंगल कार्यालयाने लॉन कापलं आणि गवताचा ढीग फुकट देऊ केला. देवमनने मूठभर गवत नाकाशी नेलं. औषधाचा वास होता. लॉनमधलं गाजर गवत मारायला तणनाशक फवारलंय, हे त्याला तिथेच कळलं. पण गावाकडे फवारलेलं तण उकिरड्यावर टाकतच आले होते सगळे. त्याचा बाप टाकायचा, तोही टाकायचा, पिकाला कधी काही झालं नव्हतं. हे औषध वेगळ्या जातीचं होतं, गवताला सोडून रुंद पानाला धरणारं आणि खतातही जिवंत राहणारं. विचारलं असतं तर कळलं असतं. पण ज्याचा खड्डा सगळं पचवतो तो कशाला कुणाला विचारतो? त्याने तीनचाकी गच्च भरली आणि शीळ घालत परत आला.

दसऱ्याला ते खत घरोघरी गेलं, वाफ्यांत, कुंड्यांत आणि तुळशीवृंदावनांतही पडलं. दिवाळी तोंडावर आली तशी लेआउटमधली झाडं वाकडी व्हायला लागली. टोमॅटोची पानं दोरीसारखी पिळवटली, गुलाबाचे शेंडे माना टाकून बसले. लोक विचारायचे, "काय झालं रे?" तो म्हणायचा, "कोकडा आला." मिरचीवर कोकडा येतो, पानं मुरडतात, हे वऱ्हाडात शेंबड्या पोरालाही ठाऊक, त्यामुळे कुणी पुढे विचारलं नाही. देवमनने मात्र गुपचूप दोन डबे घेतले, एकात आपलं खत भरलं, दुसऱ्यात शेतातली माती, आणि दोन्हींत बरबटीचे, म्हणजे चवळीचे, दाणे टाकले. मातीतले कोंब सरळ आले. खतातले गाठ मारल्यासारखे मुरगळून वर आले. दोन्ही डबे त्याने आशाबाईपुढे नेऊन ठेवले.

"कोनाले सांगू नका," आशाबाई म्हणाली. "लोकाइच्या घानीत मी हात घातले, तवा हे घरं जोडले. एक घर सुटलं का सारेच सुटतीन. मंग काय परत गावात जाऊन तोंड दाखवता?"

"पन झाडं मरून राहिले ना वं."

"मरू द्या. झाडाइले तोंड नसते."

झाडांना नव्हतं. पण हेमचंद्र वकिलांच्या घरात जुईली होती.

जुईली वकिलांची सून. माहेर अकोल्याचं, शिकलेली, हसरी पोरगी. सासूबाई, म्हणजे गोदावरीबाई, नागपूरला बारशाला गेल्या असताना जुईलीने तुळशीला पाणी घातलं होतं, आणि ते नेमके तिचे पाळीचे दिवस होते. सासूने सहज विचारलं तेव्हा तिने सहज खरं सांगितलं. त्यानंतर तुळस सुकायला लागली. पानं आखडली, मंजिऱ्या काळ्या पडल्या, नुसत्या काड्या उरल्या. तुळशीचं लग्न जवळ आलेलं, आणि वृंदावनात हे असं.

देवमन तेव्हा तिथेच मेंदी कापत होता. "अहो आई, असं कुठे असतं?" जुईली हसून म्हणाली, तेही त्याने ऐकलं आणि गोदावरीबाईंचं उत्तरही ऐकलं. "नव्हतंच ग. तू येईपर्यंत नव्हतं." त्याने मान खाली घातली आणि कात्री चालवत राहिला.

दिवाळी गेली. दर खेपेला जुईलीचं हसणं थोडं कमी झालेलं असायचं. शेजारणी आल्या की ती आत जायची. तिचा नवरा अद्वैत फटाके उडवताना दिसला, बायकोची बाजू घेताना काही दिसला नाही. आपल्या पोटासाठी आपण या पोरीच्या डोक्यावर पाप ठेवलंय, हे देवमनला रोज कळत होतं आणि रोज तो गप्प बसत होता. भाकरी गोड लागेना. आशाबाईवर तो उगाच खेकसायचा, आणि ती 'काहून?' असंही विचारायची नाही, कारण तिलाही ठाऊक होतं.

शेवटी एका सकाळी शेजारणींसमोर गोदावरीबाई म्हणाल्या, "यंदा लग्न लागेल तेव्हा ही आतच बसेल." देवमनने कात्री तिथेच टाकली. धावत जाऊन बरबटीचे ते दोन डबे घेऊन आला आणि अंगणात सगळ्यांसमोर ठेवले.

"माय, तुयस हिनं नाही मारली. मायाच खतानं मारली. औषध मारलेलं गवत मी खड्ड्यात टाकलं. मले वास आला होता, तरी टाकलं. साऱ्या लेआउटात मीच झाडं मारले."

गोदावरीबाई वाकल्या. मुरगळलेला कोंब बोटाने उचलून पाहिला. मग म्हणाल्या, "आणि तू आज सांगतोस?"

बातमी शेजारणींच्या आधी फाटकाबाहेर पडली. दुपारपर्यंत कमिटीची माणसं खड्ड्यांवर उभी होती. दूषित खत पुरून जागा मोकळी कर, असं त्यांनी सांगितलं, आणि त्यात चुकीचं काही नव्हतं. एकेक घर सुटत गेलं. वरच्या गल्लीत नवा माळी आला आणि त्याच संध्याकाळी पहिल्यासारखा धूर निघाला. आशाबाई तो पाहत उभी राहिली.

गोदावरीबाईंनी मात्र निरोप धाडला की वृंदावनातली माती बदलून दे. देवमन शेतातली माती आणि तुळशीचं रोप घेऊन गेला. जुनी माती पार तळापर्यंत उपसली, नवी भरली. एवढं एक तरी आपल्या हातून नीट व्हावं, असं त्याला फार फार वाटत होतं.

गोदावरीबाई बाहेर आल्या. त्यांचा आवाज मऊ होता. "जुईली, ये बाई. चुकलं माझं. ही तूच लाव."

जुईली पायरीवर उभी होती. पुढे आली नाही.

"या ना ताई," देवमन म्हणाला. "तुमचा काईच दोस नव्हता. मी सांगतलं ना साऱ्याइले."

"सांगितलंत, काका." तिने हात पदराखाली घेतले. "पण आईच लावू देत. माझा हात लागला आणि हीसुद्धा गेली तर?"