दुकान वाढवायचं म्हणजे

भांडी बाजारामागच्या गल्लीत कोणाचं पोर कुठल्या शाळेत जातं हे विचारावं लागत नाही, दारात येणारी रिक्षाच सांगते. शामसुंदरच्या यशश्रीला मात्र रिक्षा लागत नव्हती. तिची शाळा लॅपटॉपात होती. दहावीत शाळेची वेळ झाली की तिच्या पोटात दुखायचं, उलट्या व्हायच्या. डॉक्टर झाले, दृष्ट काढून झाली, शेवटी अकरावीपासून ऑनलाइन. शाळा बंगळूरची, मैत्रिणी देशभरच्या आणि यशश्री माडीवरच्या खोलीत. कमरेच्या वर गणवेश, खाली पायजमा. शेजारच्या चिमणाबाई, मूळच्या सायखेड्याच्या, जिन्यात गाठून विचारायच्या, "पोरी, तुमच्या शाळंला सुट्टी कव्हा राहती? लाइट गेल्यावर का?"

यशश्री हसायची नाही. एरवी ती जिन्यात सापडायचीच कुठे? दीड वर्षात ती खाली उतरली ती सणावाराला, तीही आईनं ओढली तेव्हा.

बारावीला शाळेनं तिचं नाव एका स्पर्धेत घातलं. देशभरातल्या विद्यार्थ्यांची व्यवसाय स्पर्धा. एक खराखुरा छोटा धंदा निवडायचा, मालकाची मुलाखत घ्यायची, पुढच्या तीन वर्षांची योजना मांडायची. कोणी कॅफे निवडला, कोणी जिम. यशश्रीला अनोळखी माणसाशी बोलायचं म्हणजे घाम फुटे, म्हणून तिनं घरातला निवडला. बाप.

शामसुंदरचं दुकान तांब्याच्या भांड्यांचं. खरा खप गडूंचा. यात्रेकरू इथल्या नदीवरून, म्हणजे गंगेवरून, पाणी भरून आणत, हा झाकणाला कथलाचा डाग देऊन गडू बंद करून देई. आता गंगा प्लास्टिकच्या कॅनमधून गावोगाव जाते. शामसुंदर दिवसभर तेच गडू पुसत बसे आणि विचारलंच कोणी तर म्हणे, "गिऱ्हाईक दिसत नाही, निदान आपला चेहरा तरी दिसतो."

श्रावणात एका दुपारी यशश्री खाली आली, तराजूला टेकवून फोन उभा केला आणि इंग्रजी शाळेच्या सुरात विचारलं, "बाबा, दुकानाचं पुढे काय ठरवलंय?"

शामसुंदरनं हातातला गडू फिरवला. "दसरा झाला की दुकान वाढवायचं म्हणतोय."

सिंहस्थ तोंडावर आलेला. अख्खा बाजार माळे चढवायच्या, फळ्या वाढवायच्या गोष्टी करत होता. यशश्रीनं आनंदानं लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती आपणहून खाली आली. तिसऱ्या दिवशीही. गडूंची मापं घेतली, यात्रेकरूंना थांबवून प्रश्न विचारले, एका इंदूरच्या आजींशी तर तासभर बोलत बसली. चिमणाबाईंना उलट टोमणा मारायला लागली. त्र्यंबकेश्वरला दुसरी शाखा कुठे काढायची, हेही ठरलं. शाखेचा विषय निघाला की शामसुंदर नेमका पुसायला एखादा गडू शोधे. एकदा सुमेधा, यशश्रीची आई, म्हणाली, "अहो, तिला सांगा ना..." तर हा म्हणाला, "असू दे." यशश्रीला वाटलं, खर्चाचं बोलणं असेल.

दसरा गेला. "बाबा, वाढवायचं कधी?"

"तू दिल्लीहून आलीस की."

अंतिम फेरी डिसेंबरात दिल्लीला होती. आईबरोबर ती गेली, या वेळी गणवेश पायापर्यंत. सहा मिनिटं न अडखळता इंग्रजीत बोलली. तीन परीक्षक होते. एकानं विचारलं, "या विस्ताराला मालक तयार आहेत का?"

त्याची तयारी होतीच. तिनं मुलाखत लावली. त्या मोठ्या हॉलमध्ये शामसुंदरचा आवाज घुमला आणि खाली पडद्यावर तिनं केलेलं इंग्रजी उमटलं. दोघांनी माना डोलावल्या. तिसऱ्या, पांढऱ्या केसांच्या बाई साताऱ्याकडच्या. त्यांनी चष्मा काढला आणि मराठीत हळूच विचारलं, "बाळ, तुमच्या घरी देवापुढं नारळ फोडतात का?"

"नाही, वाढवतात," यशश्री सवयीनं म्हणाली.

आणि तिथंच थांबली. आई बांगडी फुटली म्हणत नाही, वाढली म्हणते. नारळ वाढवतात, दिवाही विझवला म्हणत नाहीत, वाढवला म्हणतात. आपल्याकडे जे संपतं त्याचं नाव तोंडावर आणायचं नाही, म्हणून 'वाढणं'. बाप घरी येऊन रोज "बंद केलं" म्हणायचा, तो साधा कुलपाचा शब्द. कायमचं कुलूप लावायला त्यानं बापजाद्यांचा शब्द काढला होता आणि तिनं त्याची दोन दुकानं केली होती.

बाईंनी पुढे काही विचारलं नाही. त्यांनी झाकून घेतलं असतं. पण यशश्रीच माइकमध्ये म्हणाली, "माझं भाषांतर चुकलं. हे दुकान बंद होतंय." मग खाली उतरली.

बाहेरच्या गारठ्यात तिनं फोन लावला. "बाबा, वाढवायचं म्हणजे बंद ना?"

"कोणी सांगितलं?"

"तू का नाही सांगितलंस?"

"सांगणारच होतो गं. दुसऱ्या दिवशी सकाळी तूच माझ्याआधी किल्ल्या घेऊन जिन्यात उभी. म्हटलं, जाऊ देत चार दिवस." तो खाकरला. "जागामालकाला दसऱ्याला जागा हवी होती. तुझी दिल्ली होईपर्यंत मागून घेतली."

यशश्रीनं फोन आईच्या हातात दिला.

पौषात शुभकार्य करत नाहीत, पण दुकान रिकामं करायला मुहूर्त कोण बघतो? घोटीच्या व्यापाऱ्याचा टेम्पो आला, गडू मोडीत गेले. गल्लीनं माल चढवायला हात लावला. यशश्रीही पोती धरून होती, मात्र कोणी "नंबर आला का?" म्हटलं की ती ऐकू न आल्यासारखं करी. चिमणाबाईंनी त्या दिवशी एकही टोमणा मारला नाही, यावरून काय ते समजा.

दुसऱ्या दिवशी माडीवरचं दार पुन्हा लागलं.

शामसुंदरला आता सकाळी जायला जागा नव्हती. अकराच्या सुमारास तो वर गेला, दारावर बोट वाजवलं. "यशू, गंगेवर चक्कर मारून येऊ?"

"बाबा, शाळा चालू आहे."

रविवार होता.

"बरं," शामसुंदर म्हणाला आणि तिथंच जिन्याच्या पायरीवर बसला.