निवट्याची बोली

टेम्पो दारात येऊन उभा होता, सामान चढलं होतं, आणि बाबा अंगण झाडत होते. कोपऱ्यापासून, नेहमीसारखं, सावकाश. टेम्पोवाला दोनदा हॉर्न वाजवून गप्प बसला. शेवटी आई म्हणाली, "आथा कोनासाटी झाडताव?" बाबांनी वर बघितलंसुद्धा नाही. "घान ठेवून जायाचं नाय," एवढंच म्हणाले. चार दिवसांनी ते अंगण, ते घर आणि मागची टेकडी सगळं सपाट होणार होतं. ते आम्हाला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं.

गाव विमानतळासाठी उठलं ते तुम्हा गावकऱ्यांना मी काय सांगू. तुम्हीही त्याच आठवड्यात निघालात. कोणी करंजाड्याला गेलं, कोणी ओव्याला, कोणी पळस्प्याच्या पुढे नातेवाइकांकडे. आम्ही खांदा कॉलनीत तिसऱ्या मजल्यावर भाड्याने आलो. अंतर म्हणाल तर आठ-नऊ किलोमीटर. माझ्या वर्गातल्या मुली शिकायला जर्मनीला, कॅनडाला जातात आणि घरची आठवण येते म्हणून रडतात. त्यांना निदान परत येता येतं. आमच्याकडे परत जायला जागाच उरली नाही, आणि ती जागा इमारतीच्या गच्चीवरून दिसते.

हे लिहायचं कारण मात्र गाव नाही. कारण मी आहे. मी बाबांचं काय केलं ते मला तुम्हाला सांगायचं आहे, कारण दुसऱ्या कोणाला सांगितलं तर त्यात काय झालं तेच कळत नाही.

इथे आल्यावर बाबा बोलायचे थांबले. रागाने नव्हे. त्यांना बोलायला विषयच नव्हता. पहाटे उठून ओहोटी कधी आहे ते बघणारा माणूस, मिठागराच्या बांधावर उभं राहून वाऱ्यावरून पाणी ओळखणारा माणूस, गॅलरीत खुर्ची टाकून समोरच्या इमारतीच्या टाकीकडे बघत बसायचा. जेवायला बोलावलं की यायचे, जेवून परत तिथेच.

मी तेव्हा पनवेलला कॉलेजात जायला लागले होते. पहिल्याच आठवड्यात मी वर्गात "आमी नाय केला" म्हणाले आणि मागच्या बाकावरून कोणीतरी तसंच म्हणून दाखवलं. त्यानंतर मी महिनाभर फार कमी बोलले. ऐकत राहिले. 'नाही', 'आहे', 'पाणी', 'डोळा'. ण आणि ळ मी आरशासमोर उभी राहून शिकले. वर्ष संपेपर्यंत मी कुठली आहे ते कोणालाही ओळखता येईना. मला त्याचा अभिमान वाटायचा, हे कबूल करते.

मृण्मयी माझ्या वर्गातली. आमच्याच कॉलनीत राहते. तिच्या घरी रविवारी दुपारी चार-पाच जण एक खेळ खेळायला जमायचे. एकजण गोष्ट सांगतो, ती मृण्मयी. बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात आणि आपलं पात्र काय करेल, काय बोलेल ते ठरवतात. जमलं की फसलं, ते फासे सांगतात. जंगल, किल्ले, जादूगार, राक्षस, असं सगळं. मला तिने बोलावलं तेव्हा मी हो म्हणाले, कारण रविवारची दुपार त्या गॅलरीपासून लांब घालवायची होती.

कौस्तुभ सरदार होता. एकजण जादूगार, एकजण जंगलातली तिरंदाज राजकन्या. मला म्हणाले, तू काय होणार? टेबलावर छोटे पुतळे पडले होते. त्यातला एक बोटाएवढा, हिरवा, लांब कानांचा, वाकलेला. मी विचारलं, हा कोण?

"गॉब्लिन," कौस्तुभ म्हणाला. "दलदलीत, गुहेत राहतात. ते आपण व्हायचं नसतं, त्यांना मारायचं असतं."

"मी हाच होणार," मी म्हणाले. राजकन्येसारखं बोलायला मला जमलं नसतं, एवढंच कारण होतं. मृण्मयीला कल्पना आवडली. तिने नाव विचारलं. माझ्या तोंडून आलं, 'निवट्या'. खाडीच्या चिखलात उड्या मारणारी निवटी आपण खातो, त्या माशावरून. त्यांना ते कोणालाच माहीत नव्हतं.

मग निवट्याची बोलायची पाळी आली. सरदाराने विचारलं, दलदलीतून वाट दाखवशील का? आणि मी उत्तर दिलं, "दावतो, पन तुमचे बूट काडा. चिखलाला बूट आवडत नाय."

टेबलाभोवतीचे सगळे हसून कोसळले. वर्षभर घशात अडकवून ठेवलेलं सगळं बाहेर आलं होतं आणि लोक मला हसत नव्हते, मी हसवत होते. निदान मला तसं वाटलं. "परत बोल ना," राजकन्या म्हणाली. मी परत बोलले. त्या दिवसापासून निवट्या सगळ्यांचा लाडका झाला. कॉलेजच्या जिन्यात मला हाक यायची, "ए निवट्या!" मी वळून म्हणायचे, "काय रं?" मला मित्र मिळाले होते.

पण निवट्याला दलदलीतलं काहीतरी यायला हवं होतं. मी तर मुलगी, मला खाडीत कोणी फारसं उतरू दिलं नव्हतं. म्हणून एका संध्याकाळी गॅलरीत जाऊन बाबांना विचारलं, "चिखलात माणूस रुतला तर बाहेर कसा येतो?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. खुर्ची वळवली.

"उबा रव नको," ते म्हणाले. "उबा रायला तो गेला. गुडग्यावर ये, आंग पसर, पोटावर पड. चिखल कोनाला खात नाय गो. घाबरलेल्याला खातो."

त्यानंतर दर आठवड्याला मी काहीतरी विचारायचे. निवटीच्या बिळाला दोन दारं असतात, एकात हात घालायचा तर दुसऱ्यावर पाय ठेवायचा. भरती येण्याआधी चिंबोऱ्या काय करतात. धुक्यात बांध कसा ओळखायचा, पायाच्या बोटांनी. बाबा हातवारे करून सांगायचे, मध्येच हसायचे, आईला हाक मारून म्हणायचे, "हिला सांग, मी भरतीन कसा आडाकलेलो!" आई स्वयंपाकघरातून मला बघायची आणि तिचे डोळे भरायचे. एकदा तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "इचारत जा. रोज इचारत जा."

मी कशासाठी विचारते ते त्यांनी कधी विचारलं नाही. मुलीला गावाचं काहीतरी जपून ठेवायचंय, असं त्यांना वाटलं असणार. मी ते सगळं रविवारी टेबलावर नेऊन निवट्याच्या तोंडी घालत होते. शब्दाला शब्द. बाबांचे हातवारेसुद्धा.

मग एका रविवारी मृण्मयीच्या घरी रंगकाम निघालं आणि मी म्हणाले, आमच्याकडे या. आई-बाबा पळस्प्याला हळदीला जाणार होते, संध्याकाळपर्यंत येणार नव्हते. आई तिथेच थांबली. बाबांना गर्दीत करमेना, ते दुपारीच रिक्षा करून परत आले. लॅच लावलेली नव्हती. ते कधी आत आले ते मला कळलंच नाही, कारण आमचा एवढा गोंधळ चालला होता.

सरदार चिखलात रुतला होता. मी खुर्चीवर गुडघे टेकून, कंबरेतून वाकून, कान ताणल्यासारखे हात करून ओरडत होते, "उबा रव नको! पोटावर पड! चिखल कोनाला खात नाय गो, घाबरलेल्याला खातो!" राजकन्येच्या डोळ्यांतून हसून पाणी येत होतं. कौस्तुभ माझी नक्कल करत होता, "नाय गो! नाय गो!" आणि मीही हसत होते.

बाबा दाराशी उभे होते. हळदीचा पिवळा ठिपका कपाळावर.

बाकीचे धडपडत उठून उभे राहिले. बाबाच म्हणाले, "बसा, बसा. चालू दे तुमचा." ते टेबलापाशी आले. तो हिरवा पुतळा त्यांनी दोन बोटांत उचलला. "ह्यो कोन?"

कौस्तुभ बिचारा सभ्य मुलगा. त्याला काहीच माहीत नव्हतं. "काका, हा गॉब्लिन. म्हणजे छोटा राक्षस. घाणीत राहतात, चोऱ्या करतात."

बाबांनी तो पुतळा उलटासुलटा करून बघितला. "आनि ह्यो आमच्यासारका बोलतो?"

कौस्तुभने माझ्याकडे बघितलं. मी अजून खुर्चीवर गुडघ्यांवरच होते. बाबांनी पुतळा जिथून उचलला तिथेच नीट उभा करून ठेवला आणि आतल्या खोलीत गेले.

संध्याकाळी ते बाहेर आले आणि म्हणाले, "मला पाणी दे." मी पाणी दिलं. त्यांनी दोन घोट प्यायल्यावर माझ्या लक्षात आलं. त्यांनी 'पाणी' म्हटलं होतं. ण अडखळला होता, पण म्हटलं होतं. रात्री जेवताना आईने भात वाढायला घेतला तर म्हणाले, "नको. माझं पोट भरलं आहे." आईला वाटलं थट्टा करतात. ती हसली. त्यांनी तेच पुन्हा म्हटलं, शाळेतल्या मुलाने धडा म्हणावा तसं, आणि आईचं हसू तोंडावरच राहिलं.

त्याला आता दीड वर्ष होत आलं. बाबा माझ्यासमोर तसेच बोलतात. सावकाश, एकेक शब्द जुळवत. शब्द सापडला नाही तर वाक्य सोडून देतात. मी म्हटलं, बाबा, तसं नव्हतं, मी तुमची चेष्टा करत नव्हते. ते म्हणाले, "बरोबर आहे तुझं. इथे राहायचं तर शिकायला हवं." रागाचा लवलेश नव्हता. रागावले असते तर मी पाय धरले असते. मी चिखलाचं विचारलं, भरतीचं विचारलं. "आता आठवत नाही," म्हणतात.

खेळ मी सोडला. पण सोडायच्या दिवसाचंही सांगते. गोष्टीत एका राजाने आमच्या टोळीला काम दिलं: दलदल साफ करा, तिथे किल्ला बांधायचा आहे. मी विचारलं, तिथे राहतात त्यांचं काय? कौस्तुभ म्हणाला, "अगं, गॉब्लिनच आहेत ते." मी निवट्या म्हणून बोलायला लागले. नको म्हणून विनवलं. आवाज तोच होता, शब्द तेच होते, आणि या वेळी कोणी हसलं नाही. राजकन्या अस्वस्थ होऊन म्हणाली, "सिरियस नको ना होऊस, निवट्या." फासा टाकला, फसला. मृण्मयी म्हणाली, निवट्या आपल्यातलाच आहे, तो आपल्याबरोबर येऊ शकतो, बाकीचे जातील. मी म्हणाले, तो येणार नाही. तो राहील.

मी उठून निघाले, तशी मृण्मयी माझ्यामागे जिन्यात आली. मी तिला तेव्हा पहिल्यांदा गावाचं सांगितलं. ती पायरीवर बसून रडली. "तू आधी का नाही सांगितलंस? आम्ही हसलोच नसतो." तेच तर. ते सगळे हसायचे ते मला आवडत होतं. हे मी तिला सांगू शकले नाही. तुम्हाला सांगते.

त्या दिवशी घरी येऊन मी बाबांसमोर जमिनीवर बसले आणि सगळं आपल्या बोलीत सांगितलं. निवट्या आला नाय, तो थयाच रायला. मना माफ करा. बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "छान सांगितलंस. आता अभ्यास कर." तेव्हापासून घरात मी आपली बोली बोलते आणि माझे बाबा मला शुद्ध मराठीत उत्तर देतात.

तुमच्यापैकी कोणाला ते बाजारात, लग्नात कुठेही भेटले तर त्यांच्याशी पोटभर बोला. मी विनंती करते. खाडीचं बोला. मी जवळपास असेन तर मला हाकलून लावा.

कारण ती बोली गेलेली नाही, हे मला माहीत आहे. ओव्याला माझी आत्या असते. सकाळी आंघोळ झाली की बाबा तिला फोन करतात, गॅलरीत जाऊन, दार ओढून घेऊन. मी कॉलेजची बॅग खांद्याला लावून दाराच्या अलीकडे उभी राहते. काचेआडून नीट ऐकू येत नाही. 'हाय' येतं, 'नाय' येतं, 'आमी' येतं, मध्येच मोठ्याने हसणं येतं. एवढंच माझं घर आता, दहा-बारा मिनिटांचं. दार सरकवून गॅलरीत जावं, पायाशी बसावं असं रोज वाटतं. पण मी तिथे गेले की ते शब्द जुळवायला लागतील. म्हणून मी दाराला हात लावत नाही.