काहून वं माय

प्रा. जया ढोले यांचा शोधनिबंध पुण्याच्या परिषदेत गाजला, तेव्हा त्यात 'का' या अर्थाचा 'काहून' हा शब्द पानोपानी होता आणि कोणाचीही हरकत नव्हती. वऱ्हाडी बोलण्यातला हेल बंदिशीत कसा उतरतो, हा विषय. हरकत आली ती यंदा, तोच शब्द गाण्यात आल्यावर.

जया यवतमाळच्या एका कॉलेजात संगीत शिकवते. माहेर मुकुटबनचं, वडील गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे. लग्न होऊन आली ती तानपुरा घेऊनच. सासूबाई, कौसल्याबाई, पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या, "हे कुठं ठेवाचं असते? झाडताना मधात येते." तेव्हापासून तानपुरा कोपऱ्यात उभा आहे आणि रियाज स्वयंपाक, धुणं नि पेपर तपासणं यांच्या फटीत चालतो. संध्याकाळी स्वर जरा लागला, की आतून हमखास आवाज येई, "काहून वं, दिवा नाही लावला? सांज दारात उभी हाये न!"

या वाक्याचीच जयाने पूरिया धनाश्रीत बंदिश बांधली. 'काहून वं माय, दिवा नाही लावला, सांज दारी उभी राहून राह्यली.' तिच्या वऱ्हाडी बंदिशींच्या पुस्तकात ही पहिली. प्रस्तावना नागपूरचे तिचे गुरू भगवानराव लिहिणार होते. त्यांच्याच संगीत संमेलनात जया ती गाणार होती. विद्यार्थिनी असताना त्या मंचावर मागे बसून तिने दुसऱ्यांना तानपुऱ्याची साथ केली होती. पुढे बसायचा योग आता येत होता.

सरांचा फोन आला तेव्हा तिचे हात कणकेत होते, म्हणून फोन स्पीकरवर.

"जया, बाकी सगळं उत्तम आहे. फक्त त्या 'काहून'चं 'काहे' कर. लोक हसतील गं."

"सर, समेवर 'हू' येतो. पंचमावर ओठ गोल होतात, स्वर आत घुमतो. 'हे' म्हटलं की नुसते दात दिसतात."

"मग दात घासून ये." सर स्वतःच हसले. मग हसू थांबवून म्हणाले, "त्या शब्दाला माझी प्रस्तावना नाही आणि मंचही नाही. विचार कर."

कौसल्याबाई शेजारीच मेथी निवडत होत्या. "कोन्ता शब्द वं?"

आता सांगावंच लागलं. ऐकता ऐकता त्यांचे हात थांबले. "म्हणजे माह्या तोंडचं तू पुस्तकात छापून राह्यली? नागपूरच्या लोकाईले सांगशीन, सासू कशी खेकसत होती ते?"

"खेकसत होत्याच न, आई."

"मंग तुहा सर बरोबर बोलते. काढ तो शब्द."

जयाने हात धुतले. तानपुरा घेऊन ती तिथेच, मेथीच्या काड्यांपाशी बसली. "आधी ऐका. मग काढायला सांगा."

तिने मुखडा घेतला, पुन्हा घेतला, मग अंतऱ्यावरून फिरून सावकाश समेवर आली. कौसल्याबाईंच्या मांडीवरची जुडी तशीच राहिली.

"मी अशी म्हणत होती?"

"नाही. तुम्ही जरा वरच्या पट्टीत म्हणायच्या."

त्यांनी हसू पदराआड केलं. मग आवाज खाली आला. "पण हे 'माय' कुठून आणलं तू? मी तुले कधी माय नाही म्हटलं."

हे खरं होतं. जया तारा जुळवत राहिली. "दोन मात्रा रिकाम्या राहत होत्या," ती म्हणाली.

"मात्रेसाठी असन तर राहू दे." त्यांनी पुन्हा मेथी हातात घेतली. "काहून तं माह्याच हाये. त्याले हात नको लावू देऊ कोणाले."

सकाळी जयाने नागपूरला फोन केला. "सर, शब्द राहील." पलीकडून 'बरं' एवढंच आलं. फोन ठेवून तिने छापखान्यात कळवलं, प्रस्तावना नाही, पहिल्या पानावर सरळ स्वरलिपी घ्या. प्राचार्यांकडून तिने कॉलेजचा हॉल मागून घेतला, संध्याकाळचा, रागाच्या वेळेचा.

कार्यक्रमाच्या दिवशी मागे तानपुऱ्यावर तिची विद्यार्थिनी वैष्णवी होती. 'काहून वं माय' ऐकताच मागच्या रांगेतल्या बायका खरंच हसल्या. वैष्णवी चपापली. जयाने डोळेसुद्धा उघडले नाहीत. तिने मुखडा परत घेतला, आणि परत. ती विस्तार करून खाली उतरली आणि 'हू' पंचमावर टेकला, तेव्हा हसणं कधीच विरलं होतं. पहिल्या रांगेत कौसल्याबाई शेजारणीला ऐकू जाईल अशा बेताने, म्हणजे अर्ध्या हॉलला ऐकू जाईल असं, म्हणाल्या, "हे मीच म्हणत असते तिले."

दोघी ऑटोने घरी आल्या. जयाचा नवरा सुनील नेरहून बसने उशिरा आला होता, कार्यक्रम चुकला म्हणून थेट घरी. टीव्ही चालू, देवघर काळोखात.

कौसल्याबाई दारातच थांबल्या. "काहून रे, दिवा नाही लावला?"

सुनीलने जयाकडे पाहिलं. जयाने तानपुरा कोपऱ्यात उभा केला, गवसणी नीट ओढली आणि खुर्चीत बसली.

"तिच्याकडं काय पाह्यतं? ऊठ," कौसल्याबाई म्हणाल्या. "सांज होऊन गेली."

सुनील काडेपेटी शोधायला उठला.