एका रेघेची खाडाखोड

इंग्लंडातल्या हॉस्पिटलात किरणोत्सारी कचऱ्याच्या पिशव्या किरण ओसरेपर्यंत कुलपात ठेवून वहीत नोंदवायचं काम मला मिळालं. एकदा तारीख चुकली आणि मी घाबरून वर व्हाइटनर फासला. शाळेत खाडाखोड केली की छडी बसायची. त्याच धास्तीने मी आठवीत शाळा सोडली होती.

तपासणीला सरकारी बाई आल्या, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी तो पांढरा डाग नखाने खरवडला. मला वाटलं, नोकरी गेली, आता गावी काय तोंड दाखवू?

“चूक चालेल हो, लपवाछपवी नको,” त्या म्हणाल्या. “चुकलेल्या तारखेवर एक रेघ मारा, बाजूला बरोबर तारीख लिहून सही करा. पिशवी कधी बाहेर काढायची ते कळायला हवं.”

मग स्वतःचं पेन त्यांनी माझ्या हातात दिलं.

त्या पुन्हा दिसल्या नाहीत. वहीत आज माझ्या बऱ्याच रेघा आहेत आणि प्रत्येकीशेजारी माझं पूर्ण नाव आहे.