वहीत लिहिलेली बहीण

रामनगरच्या बाजारपेठेत, गोव्याला जाणाऱ्या रस्त्यावर, आम्ही भाड्याच्या घरात सव्वीस वर्षं काढली. दारातून ट्रक जायचे. त्यातलाच एक ट्रक माझ्या नवऱ्याने आयुष्यभर चालवला, पण गुडघे गेल्यावर त्याला तो आवाज सोसेना. मी मराठी शाळेतून निवृत्त झाले आणि आम्ही गणेशगुडीच्या रस्त्याला, जंगलाच्या कडेला झालेल्या एका नव्या लेआउटमध्ये घर घेतलं. चाळीसेक घरं, पुढे कमान, कमानीखाली गेट, गेटवर वॉचमन. शांतता होती. ती बघूनच आम्ही भुललो.

घराच्या कागदांबरोबर एक हिरव्या पुठ्ठ्याचं पुस्तक मिळालं. असोसिएशनचे नियम, सगळे इंग्रजीत. जन्मभर पोरांना ‘वाचल्याशिवाय सही करू नये’ म्हणून सांगणाऱ्या मी ते न वाचता सही केली.

पहिली नोटीस कपड्यांवरून आली. पुढच्या बाजूला कपडे वाळत घालायचे नाहीत. मागच्या बाजूला ऊन येत नाही, जंगलाची सावली असते, हे मी सांगून पाहिलं. मग नवऱ्याच्या आंघोळीसाठी मी मागे तीन दगड मांडून पाणी तापवत होते, त्यावर नोटीस आली. धूर होतो. धूर कुणाला होतो? आमच्या दोन्ही बाजूंची घरं हुबळीच्या आणि गोव्याच्या माणसांची. ती शनिवारी येतात, नदीवर बोटीत बसून ओली होतात, रविवारी जातात. मंगळवारच्या धुराची तक्रार केली कुणी?

केली होती असोसिएशनच्या सेक्रेटरीने. तो बँकेतून निवृत्त झालेला बेळगावचा गृहस्थ होता. रोज सकाळी पांढरे बूट घालून सगळ्या लेआउटला फेरी मारायचा आणि फोनवर फोटो काढायचा. माझ्या चुलीचा, माझ्या दोरीवरच्या लुगड्याचा, कुंपणावर वाळत घातलेल्या गोधडीचा. मराठी आमच्यासारखंच बोलायचा, म्हणून राग जास्त यायचा.

“असू दे गं,” नवरा म्हणायचा. “गीझर आहे ना आपल्याकडे.”

मी तीन दगड उचलून कुंपणाबाहेर टाकले. तेव्हा मी ऐकलं, हे मला आजही खटकतं. एकदा ऐकलं की दुसऱ्यांदा ऐकावंच लागतं, असं सेक्रेटरीला वाटू लागलं.

त्या थंडीत ती आली.

तिच्याबद्दल आधी सांगते. माझी पहिली नेमणूक उळवीच्या वाटेवरच्या एका जंगलातल्या गावात होती. कुणब्यांची दहा-बारा घरं आणि एक खोलीची शाळा. राहायला जागा नव्हती. तिने मला आपल्या घरात ठेवून घेतलं. ती माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. तीन वर्षं मी तिच्या चुलीपुढे बसून जेवले. पुढे माझी बदली रामनगरला झाली, पण दर थंडीत, भात काढून झालं की, ती डोक्यावर टोपली घेऊन माझ्या दारात यायची. टोपलीत कंद असायचे, कोनं आणि हातभर लांब मुडली. बाजारात बसण्याआधी पहिला कंद माझ्या दारात विकायचा, असं तिचं होतं. मी भाव करायची नाही आणि ती फुकट द्यायची नाही.

नव्या घराचा पत्ता मीच तिला दिला होता. ती बसने उतरून कमानीपाशी आली आणि वॉचमनने अडवलं. वॉचमन जवळच्याच गावचा, पन्नाशीचा, तिला ओळखणारा माणूस. त्याने मला फोन केला.

“टीचर, माज्यावर रागवू नका. विकनाऱ्याला आत सोडायचं न्हाई म्हनून आर्डर हाय.”

मी चप्पल घालून तरातरा गेटवर गेले. ती कमानीच्या सावलीत टोपली मांडीशी घेऊन बसली होती. उठून हसली.

“केवढं दार हे, टीचर! देवळाला बी एवढं न्हाई.”

वॉचमनने वही पुढे केली. येणाऱ्याचं नाव, कुणाकडे आला, काम काय, नातं काय. मी पेन घेतलं. ‘काम’ या रकान्यात लिहिलं: भेट. ‘नातं’ या रकान्यात लिहिलं: बहीण. वॉचमनने वाचलं आणि गेट उघडलं. तिला वाचता येत नव्हतं. मीही तिला सांगितलं नाही.

आम्ही पुढच्या व्हरांड्यात बसलो. मी चहा ठेवला. नवरा आतून खुर्ची घेऊन आला, पण ती नेहमीसारखी खाली बसली आणि टोपलीतले कंद काढून फरशीवर मांडू लागली. मांडता मांडता गावाकडच्या बातम्या सांगत होती. रानडुकरांनी किती नासधूस केली, सून बाळंतीण झाली, कुणाचं पोरगं गोव्यात हॉटेलात लागलं. समोरच्या घरातली बाई कंद बघून कुंपणापाशी आली आणि तिने दोन मुडली घेतली. मी नको म्हणायला हवं होतं. पण ती बाई बोलायला बरी होती आणि लेआउटमध्ये माझ्याशी बोलणारी तेवढी एकच होती.

ती बाई मुडली घेऊन वळली आणि तेवढ्यात पांढरे बूट आमच्या फाटकाशी थांबले.

“मॅडम, हे काय चाललंय?”

“पाहुणी आलीय,” मी म्हटलं.

“पाहुणी?” त्याने फरशीवरच्या कंदांकडे बघितलं. “वहीत तुम्ही बहीण लिहिलंय. बघून आलो मी.”

“मग बहीणच आहे.”

“आणि हे?”

“हे माझ्यासाठी आणलंय. ती विकायला येत नाही. भेटायला येते.”

हे मी तिच्या देखत बोलले. तिचा हात कंदावर होता तसाच थांबला.

सेक्रेटरी तिच्याकडे वळला. आवाज मऊ केला. “काय मावशी, कंद कसे दिले?”

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सरळ भाव सांगितला. कोनांचा वेगळा, मुडलीचा वेगळा.

त्याला हसू आलं. एवढं समाधानाचं हसू मी माणसाच्या तोंडावर क्वचित पाहिलंय. त्याने टोपलीचा फोटो काढला, कंदांचा काढला, आणि माझा काढायला गेला तेव्हा माझा नवरा काठी टेकत मध्ये येऊन उभा राहिला. “तेवढं पुरे,” तो म्हणाला. सेक्रेटरी गेला.

मी तिच्याकडे वळून म्हटलं, “कशाला सांगितलास भाव? मी सांभाळून घेत होते ना!”

ती कंद परत टोपलीत भरत होती. एकेक करून, माती झटकून.

“काय सांभाळत होतीस? मी विकाय येतो. विकनं म्हंजे चोरी हाय?”

“तसं नाही. इथे नियम आहे, म्हणून...”

“तीन वर्सं माज्या घरात ऱ्हायलीस, टीचर. तवा गावात मी काय सांगितलं? मास्तरीन हाय, आमच्याकडं ऱ्हातिया. भैन हाय म्हनून खोटं सांगाय लागलं न्हाई मला.” चुंबळ डोक्यावर ठेवली, टोपली स्वतःच उचलली. मी हात लावायला गेले तर म्हणाली, “ऱ्हाऊ दे. येतो मी.” आणि चहा न पिता गेली.

गेटपर्यंत मी तिच्या मागे चालत होते.

आठवड्याने असोसिएशनची मीटिंग झाली. विषय मी होते. वहीत खोटी माहिती लिहून फेरीवाल्या व्यक्तीस आत आणणे. सेक्रेटरीने भिंतीवर फोटो मोठे करून दाखवले. माझ्या फरशीवरचे कंद भिंतीएवढे झाले होते. मी उठून म्हटलं, या बाईच्या घरात मी तीन वर्षं राहिले, तिने मला कसलंही पुस्तक सहीला दिलं नाही. तुम्ही जिथे घरं बांधलीत तिथून ही माणसं डोक्यावर ओझं घेऊन पिढ्यान् पिढ्या बाजाराला जातात. एवढं बोलून मी समोरच्या बाईकडे पाहिलं. म्हटलं, यांनीही घेतली दोन मुडली, चांगली निघाली की नाही ते त्यांनाच विचारा.

समोरची बाई फोनमध्ये बघत राहिली.

मला लेखी ताकीद द्यायची का, यावर मतदान झालं. माझ्या बाजूने दोन हात वर आले, एक माझा आणि एक नवऱ्याचा. नवऱ्याचा मोजला नाही. एका घराला एकच मत.

त्या रात्रीपासून मी ते हिरवं पुस्तक वाचायला घेतलं. शब्दकोश शेजारी ठेवून, पेन्सिलीने खुणा करत, परीक्षेला बसल्यासारखं वाचलं. कुणी किती उंच कुंपण घालायचं, गाडी कुठे लावायची, कुत्रा किती मोठा चालेल. अर्धं लेआउट नियम मोडून राहत होतं. मग मी सकाळी फिरायला जाऊ लागले. माझ्याकडेही फोन होता.

उन्हाळ्यात सेक्रेटरीच्या मुलीचा साखरपुडा ठरला. मधल्या बागेत मांडवाचे खांब उभे राहू लागले. बाग सगळ्यांची, तिथे खासगी समारंभ करता येत नाही, हे पुस्तकात स्पष्ट होतं. मी मराठीत अर्ज लिहिला, खाली नियमाचा आकडा टाकला आणि प्रत्येक घरात एकेक प्रत नेऊन दिली. गोव्याच्या एका गृहस्थाला मुलाच्या वाढदिवसासाठी हीच बाग नाकारली होती, तो माझ्या बाजूने उभा राहिला. समोरच्या बाईनेही सही केली. मी तिच्याकडे मागितली नव्हती.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी खांब उपटले. खुर्च्या टेम्पोत भरून रामनगरच्या एका हॉलवर गेल्या. मी व्हरांड्यात खुर्ची टाकून सगळं बघत बसले.

सेक्रेटरीची बायको फाटकाशी आली. तिच्याशी माझं कधी भांडण नव्हतं, बोलणंही नव्हतं. डोळे लाल झाले होते.

“पोरीने काय वाकडं केलं होतं हो तुमचं?”

“नियम आहे,” मी म्हटलं.

ती वळून गेली. मला वाईट वाटलं असं लिहिलं तर बरं दिसेल, पण तेव्हा वाटलं नाही. छाती भरून आल्यासारखं झालं होतं, पहिला नंबर आल्यावर होतं तसं.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने इस्त्रीचा शर्ट घातला.

“कुठे?”

“साखरपुड्याला. आमंत्रण आलं होतं की.”

“अहो, त्यांच्याकडे जाणार तुम्ही?”

“त्या फोटोवाल्यात आणि तुझ्यात आता काय फरक राहिलाय, सांग मला,” तो म्हणाला आणि रिक्षा बोलावून गेला. संध्याकाळी आला तो जेवून. आठ दिवस आमच्यात चहा-जेवणापुरतं बोलणं होतं.

पुढच्या थंडीत ती आली नाही. मी रोज वॉचमनला विचारायची. शेवटी एका बाजारच्या दिवशी बसने रामनगरला गेले. स्टँडच्या कडेला, बायकांच्या रांगेत ती बसली होती. पुढे पोत्यावर कंद मांडलेले. मी जाऊन उभी राहिले तर तिने आधी दुसऱ्या गिऱ्हाइकाचं वजन केलं, पिशवी भरली, मग मान वर केली.

“किती देऊ?”

“दोन किलो कोनं. आणि एक मुडली.”

तिने तोलून दिले. मी तिथेच उकिडवी बसले. पायाला मुंग्या येईपर्यंत बसले. सुनेची, नातवाची चौकशी केली, तिने सांगितलं. मग मी मीटिंगचं सांगितलं, पुस्तकाचं सांगितलं, मांडव कसा उपटायला लावला ते सांगितलं. ती ऐकत होती, हाताने कंदांची माती काढत.

“मग पोरीचं लगीन झालं का न्हाई?”

“झालं. गेल्या महिन्यात.”

“बरं झालं,” ती म्हणाली. मग पोतं जरा सरकवून मला नीट बसायला जागा केली. “सरक अशी. तिकडं ऊन लागतंय तुला.”

मी सरकले. एक गिऱ्हाईक येऊन मुडलीचा भाव विचारू लागलं. ती त्याच्याशी बोलत होती, आणि मी पिशव्या उघडून धरत होते.