हिरवं संत्रं

सांगू की नको, असं दोन दिवस चाललं होतं माझं. बाकी बायकांचे घोळ घरात होतात. कुणाचं दूध उतू जातं, कुणाची भाजी करपते. माझा घोळ अख्ख्या शाळेसमोर, लाइटात, माइकवर झाला. तुम्ही घरच्या म्हणून सांगते. पण हसायचं असेल तर आधी चहा खाली ठेवा.

मी सौंसरच्या एका दवाखान्यात वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर. माझी ख्याती अशी की औषधं मीच मोजणार, चादरी मीच मोजणार आणि डॉक्टरसाहेबांचा हरवलेला चष्माही मीच शोधणार. दुसऱ्यानं केलेलं काम मला पटतच नाही, काय करता?

त्यामुळे मागच्या वर्षी आमच्या चिनूच्या गॅदरिंगला पोचले, तेव्हा मांडववाला खुर्च्या गोळा करत होता. चिनू तेव्हा आठ वर्षांची. ती म्हणाली, "आई, तू खुर्च्या पाहाले आली का?"

ते बोलणं मला वर्षभर टोचत होतं. यंदा मी शब्द दिला. सुरू व्हायच्या आधी येईन, पहिल्या रांगेत बसेन.

त्यातच पांढुर्ण्याला आमचं एक ट्रेनिंग झालं. भोपाळच्या मॅडम आल्या होत्या. म्हणाल्या, "सिस्टर, सब काम खुद मत कीजिए, बाँटिए. और काम दे दिया तो बार-बार पूछिए मत." मला तर साक्षात्कारच झाला. एवढी वर्षं मी उगाच मरत होते की हो!

घरी येऊन कागदावर दोन रकाने आखले. एकात मी करायची कामं, दुसऱ्यात इतरांना द्यायची. गॅदरिंगच्या दिवशी माझ्या रकान्यात एकच काम उरलं, पहिल्या रांगेत बसणं. अशी सुटसुटीत बाई तुम्ही पाहिली नसेल.

चिनू नाचात संत्रं होणार होती. आपल्या संत्र्याच्या मुलखात पोरांना संत्रंच करतात, सफरचंद कोण करणार? तिचा केशरी झगा टेलरकडून आणून शाळेत पोचवायचं काम मी आमच्या ह्यांना दिलं. हे पांढुर्ण्याच्या मंडीत बाबू आहेत. चादरींचं काम नवीन आलेल्या पिंकी सिस्टरला दिलं. तिला ठणकावून सांगितलं, "वॉर्डात जो कपडा पडलेला दिसन, तो धोब्याच्या गाठोड्यात. मले विचारत बसू नको."

दुपारी ह्यांचा फोन आला. "झग्याचं काम करून टाकलं."

कुणाला दिला, कधी दिला, हे विचारायला जीभ अशी वळवळली म्हणता! पण मी ती आवरली. विचारायचं नसतं ना.

अडीच वाजता पिंकीला वॉर्ड सोपवून मी निघाले. कमला मावशी, म्हणजे आमच्या वॉर्डातल्या आया, दाराशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "सिस्टर, आज सूर्य कुठून निंगाला? तब्येत तं बरी हाय नं?"

शाळेत पहिली खुर्ची माझी. शेजारी एक वरूडकडची बाई बसली होती. तिला मी कामं कशी वाटून द्यावीत यावर छोटंसं भाषणही दिलं. ती बिचारी ऐकत होती.

नाच सुरू झाला. एक संत्रं आलं, दुसरं आलं, पाच केशरी संत्री आली. आणि सहावं आलं हिरवंगार. ऑपरेशनच्या चादरीत गुंडाळलेलं, जागोजागी पिना आणि चिकटपट्टी.

मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, हे कच्चंच तोडलं का?"

हशा पिकला. त्यात सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं असेल? मी. वर शेजारणीला म्हणाले, "कोणाची माय हाय वो बाप्पा? पोरीले एक झगाही देऊ नाही शकली."

तेवढ्यात संत्र्यानं गिरकी घेतली आणि तोंड दिसलं. चिनू होती.

शेजारीण माझ्याकडे पाहत होती. मी उठले आणि स्टेजच्या मागे पळाले. तिथं कमला मावशी घामाघूम उभ्या.

"मावशी, झगा कुठं हाय?"

"धोब्याच्या हौदात, सिस्टर. सोड्याच्या पाण्यात."

मग सगळं कळलं. ह्यांना मंडीत कापसाचा लिलाव, म्हणून ह्यांनी झगा ऑटोवाल्या बंडूभाऊला दिला. बंडूभाऊनं विचार केला, सिस्टरच्या पोरीचा झगा सिस्टरलाच दिलेला बरा. तो वॉर्डात आला, मी निघून गेलेली, म्हणून झगा माझ्या टेबलावर ठेवून गेला. पिंकीला कपडा दिसला. पिंकी फार आज्ञाधारक पोरगी आहे.

"टेबलावरचा झगा दिसला नाही तं मी धोब्याच्या मांगं पयत गेली," मावशी सांगत होत्या, "पण त्यानं तं भिजवलाच होता. पोरगी इकडं रडून राहिली असन, म्हणून धुतलेली चादर उचलली अन् आली."

एवढ्यात माइकवरून शाळेच्या बाईंचा आवाज आला. "सगळ्यात वेगळ्या वेशभूषेचं बक्षीस, हिरव्या संत्र्याला. संत्र्याच्या आईनंही स्टेजवर यावं."

मी पदर सारखा केला. केस सारखे केले. पायरीवर पाय ठेवते तोच बाईंनी मला हातानं थांबवलं. "तुम्ही थांबा मॅडम, आधी आईला जाऊ द्या." आणि कमला मावशींना हाताला धरून वर नेलं. मावशी नाही नाही म्हणत होत्या, टाळ्या वाजत होत्या. मीही वाजवल्या. दुसरं काय करणार?

चिनू खाली आली तेव्हा मी शक्य तेवढ्या गोड आवाजात विचारलं, "बाईले सांगतलं नाही का, तुही आई कोण हाय म्हणून?"

"बाईनं विचारलं, आई कोण हाय. मी मावशीले दाखवलं."

"काऊन गं?"

"तू तं समोर बसली होती," चिनू बक्षिसाचा डबा हलवून पाहत म्हणाली. "इकडं मांगं मले कोणीतरी आई पाह्यजे होती नं."

मला एकदम रडू आलं. ते लपवायला मी खाली वाकून तिच्या चादरीच्या पिना काढू लागले. कमला मावशींनी माझा हात हळूच बाजूला केला.

"राहू द्या सिस्टर, तुम्हाले टोचन. तुम्ही बसा खुर्चीवर, मी करतो."