पॉलिश उडालेली जागा

माझा भाऊ वारला. काही महिन्यांनी मी त्याची गिटार विकायला काढली, ती बघायला एक जोडपं घरी आलं. मी चहा विचारला नाही.

"अगं, जुनं लाकूड मुरलेलं असतं. नव्या गिटारीला हा आवाज यायला वर्षं लागतील," नवरा म्हणाला.

"असेल हो, पण गेलेल्या माणसाची वस्तू घरात नको. नवीच घेऊ," बायको माझ्यासमोरच म्हणाली.

वाजवताना भावाचा उजवा हात गिटारीच्या कडेवर टेकलेला असे. तिथलं पॉलिश उडून लाकूड उघडं पडलं आहे. नवऱ्याने त्या जागेवर अंगठा घासला.

"काका, हा डाग पॉलिश केलं की जाईल ना?"

लोकांना लोणचं मुरलेलं हवं असतं, लाकूडही मुरलेलं हवं असतं. ते ज्याच्या हाताखाली मुरलं, तो माणूस मात्र पुसून हवा असतो. मला त्या अंगठ्याची किळस आली.

"तुम्ही नवीच घ्या," असं म्हणून मी त्याच्या मांडीवरून गिटार उचलली.

"बघा, मी काय म्हणत होते!" बायको चपला घालत म्हणाली.

गिटार माझ्याकडे आहे. मला ती वाजवता येत नाही.